पंच क्रमांक दोन

तलासरीला मी ज्यांच्याकडे भाड्यानं राहत होतो, त्या घरमालकांनी आपल्या कुत्र्याला रीतसर पंच नेमलं होतं. पंच क्रमांक एक मी, पंच क्रमांक दोन कुत्रा. आमच्या दोघांच्या साक्षीत फरक पडला, तर ते कुत्र्याची धरत. तेव्हा मला याचा राग यायचा. पण हा माणूस जन्मभर लोकांच्या जमिनी मोजत हिंडलेला. कोण किती खरं बोलतो याचा अंदाज त्याला असणारच.

मी मूळचा चिंचणीचा. घरात बोट, सुके बोंबील, आणि समुद्राकडे पाठ करून नोकरीला लागलेला मी एकटा. नोकरी जनावरांच्या दवाखान्यात. डॉक्टरांच्या हाताखाली जखमा धुवायच्या, मलमपट्टी करायची. सरकार या पदाला ‘व्रणोपचारक’ म्हणतं. गावातले लोक मला सरळ डॉक्टर म्हणत आणि मी कधी कोणाला अडवलं नाही. अख्ख्या तालुक्यात हा एकच माणूस मला पूर्ण हुद्द्यानं हाक मारायचा. रविवारी सकाळी सव्वासहाला दारावर काठी वाजायची.

“व्रणोपचारक! उठा. पंच क्रमांक दोन तयार आहे.”

दार उघडलं की अंगणात टिप्या बसलेला असे. तपकिरी रंग, छातीवर पांढरा डाग, गळ्यात लाल दोरीत ओवलेलं एक पितळी घुंगरू. घुंगरू फक्त रविवारी. ते बांधलं की टिप्याला कळायचं की आज फेरी. लहानपणी कुठल्याशा फासात सापडून त्याच्या डाव्या पुढच्या पायाचं एक बोट गेलं होतं. त्याचं खरं नाव टिपण. मोजणीच्या जुन्या नकाशाला टिपण म्हणतात म्हणून.

फेरी म्हणजे घरामागच्या जंगलातून गोल फिरून पुन्हा घरी येणं. सव्वासहा किलोमीटर, अकरा थांबे. मी खोली घेतली तेव्हा करारनाम्यात कलम सहा होतं : ‘भाडेकरू दर रविवारी फेरीस समक्ष हजर राहील.’ मला वाटलं, म्हातारा गंमत करतोय. सही केली. दवाखान्याजवळ चोवीस तास पाणी असलेली ती एकच खोली होती.

घरमालक, म्हणजे आमचे साहेब, भूमापन खात्यातून निवृत्त झाले होते. बायको वारलेली, मुलगी नाशिकला. गावात त्यांना ‘मोजणीवाले’ म्हणत. ‘समक्ष’ हा त्यांचा देव होता. पाहिल्याशिवाय काही लिहायचं नाही आणि पाहिलेलं लिहिल्याशिवाय राहायचं नाही. कोणी म्हणालं, काल अमक्या ओढ्यावर बिबट्या आला होता, की हे विचारत, “तुम्ही पाहिला?” तो म्हणे, “नाही, मेव्हण्यानं पाहिला.” “मग मेव्हण्याला पाठवा. ऐकीव माहिती म्हणजे शेजाऱ्याचा स्वयंपाक. वास येतो, पोट भरत नाही.”

त्यांची फेरीची नोंदवही पाहण्यासारखी होती. त्यात ‘आढळले’ असा एक रकाना होता आणि ‘न आढळले’ असा दुसरा. पहिल्या रकान्यात भारद्वाज, मुंगूस, सांबराची लीद, पळसाला कळे, असं असायचं. दुसऱ्यात : वाघ न आढळला. धनेश न आढळला. एकदा ‘तहसीलदार न आढळले’ असंही लिहिलेलं मी वाचलं. विचारलं तर म्हणाले, “नव्हतेच ना तिथं? मग? खोटं आहे का?”

शेवटी पंचांच्या सह्या. मी सही करायचो. मग साहेब शाईचा पॅड उघडून टिप्याचा डावा पुढचा पाय त्यावर दाबत आणि माझ्या सहीखाली उमटवत. डावाच का, तर पुरुषाचा अंगठा डावा घेतात. एक मोठा ठिपका आणि वर तीन लहान ठिपके. टिप्या हे अत्यंत गंभीरपणे करून घ्यायचा. माझ्याकडे मात्र असा बघायचा, की ह्यानं वाचून सही केली का.

फाटकाशी एक दगड पुरलेला होता. शून्याचा दगड. त्यावर डावा पाय ठेवून निघायचं आणि परत येऊन त्याच दगडावर डावा पाय ठेवायचा. मगच फेरी ‘मिटली’. शेवटचं पाऊल पहिल्या पावलावर पडलं नाही तर त्या फेरीला ते ‘उघडी’ म्हणत आणि उघडी फेरी त्यांना उघड्या गटारासारखी वाटायची.

हे मला कळलं ते आग्या मोहोळामुळे. दुसरा का तिसरा महिना असेल. नवव्या थांब्याला माश्या उठल्या. साहेब आणि टिप्या जागच्या जागी खाली बसले आणि दगड झाले. मी पळालो. आडवा, शेतांतून, कुंपणावरून उडी मारून थेट मोरीत. तासाभरानं दोघं शांतपणे आले, दगडावर पाय ठेवले. माझा डावा डोळा सुजून मिटला होता.

“फार चावल्या का?” साहेबांनी विचारलं.

“फार.”

“औषध लावलंत?”

“लावलं.”

“मग निघा. तुमची फेरी नवव्या थांब्याला उघडी पडलीय. तिथं जा, तिथून मिटवत या. पंच क्रमांक दोन सोबत येईल.”

आणि मी गेलो! आज सांगायला लाज वाटते, पण एक डोळा मिटलेला सरकारी कर्मचारी एका कुत्र्याच्या देखरेखीखाली पुन्हा जंगलात गेला. टिप्या पूर्ण वाट माझ्या मागे होता. पुढे नाही, मागे. मी पुन्हा पळू नये म्हणून.

थांब्यांवर साहेब इतिहास सांगत. तिसऱ्या थांब्याला एक फुटका चौथरा होता. “ही गवताची वखार. इथून गवताच्या गासड्या बांधून मुंबईला जायच्या. मुंबईचे घोडे इथं जेवलेत, व्रणोपचारक.” प्रत्येक रविवारी. पाचव्या थांब्याला जुन्या संस्थानाच्या हद्दीचा दगड. त्याच्या एका बाजूला उभं राहून ते मला म्हणायचे, “मी इंग्रजांकडे, तुम्ही राजाकडे. टिप्या दोघांकडे.” कारण टिप्या दगडाला दोन्ही बाजूंनी पाय वर करायचा. आठव्याला वाघोबा. शेंदूर माखलेली पाटी, तिच्यावर वाघ, सूर्य आणि चंद्र कोरलेले. तिथं मात्र साहेब काही सांगत नसत. चप्पल काढून उभे राहत. शेजारच्या पाड्यावरचा लखमा, त्या वाघोबाला दिवा-नारळ करणारा वारली म्हातारा, एकदा हसत म्हणाला होता, “मोजणीवाला सगळ्याला मापतो, पण वाघोबाला मापत नाय.”

“त्यांची हद्द त्यांना ठाऊक आहे,” साहेब म्हणाले.

आम्ही ठाण्याचे पालघर जिल्ह्याचे झालो, तेव्हा सगळ्या कचेऱ्यांनी पाट्या बदलल्या. साहेबांनी नऊ वर्षांच्या सगळ्या नोंदवह्या काढल्या आणि पानोपान ‘जि. ठाणे’ला एकेक आडवी रेघ मारून वर लाल शाईत ‘जि. पालघर’ लिहायला घेतलं. प्रत्येक दुरुस्तीशेजारी सही. मी म्हणालो, “साहेब, तेव्हा ठाणेच होतं की.” त्यांनी चष्म्यावरून पाहिलं आणि विचार करून तीन दिवसांनी सगळ्या दुरुस्त्या पुन्हा लाल शाईत रद्द केल्या, पुन्हा सह्यांसकट. म्हणाले, “बरोबर बोललात. चूक खोडून काढायची नसते. खालचं वाचता आलं पाहिजे. वर लाल शाईत दुरुस्ती करायची आणि खाली आपली सही. झालं. त्याची लाज नसते.”

आता जे सांगायचं ते सांगतो.

दोन हजार सोळाच्या थंडीत त्यांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं. मुलगी नाशिकला घेऊन गेली. जाताना त्यांनी मला फेरीचा लेखी आदेश दिला. “तीन रविवार. चुकवायची नाही. तुम्ही जनावरांतला माणूस, म्हणून टिप्याला तुमच्याकडे ठेवतोय. दुसऱ्या कोणाकडे ठेवला नसता.” रिक्षात बसल्यावर पुन्हा खाली उतरले आणि म्हणाले, “समक्ष, हं.”

पहिल्या रविवारी मी उठलोच नाही. म्हणजे साडेसातला उठलो. थंडी होती. शेजारच्या निवृत्त शिक्षिका बाई टिप्याचं घुंगरू ऐकून पोहे फोडणीला टाकायच्या, इतकी आमच्या फेरीची वेळ पक्की होती. त्या साहेबांना सांगतील ही भीती. म्हणून मी टिप्याला घुंगरू बांधलं, अंगणात लांब दोरीवर सोडलं, आणि तो वैतागून येरझाऱ्या घालू लागला तसं घुंगरू वाजत राहिलं. मी आत बसून नोंद लिहिली. अकरा थांबे, वीस मिनिटांत. चहा घेत. टिप्याचा पाय शाईवर दाबला तेव्हा त्यानं तो मागे ओढला. पहिल्यांदाच. मी तो धरून ठेवला.

दुसऱ्या रविवारी तर मी पहाटेच मोटरसायकलनं चिंचणीला घरी गेलो. नोंद शनिवारीच लिहून ठेवली होती, ठशासकट. कोणाला शंका येऊ नये म्हणून तीत थोडी जान घातली : ‘थांबा क्र. ७, जुना वड : धनेशाची जोडी आढळली. नराच्या चोचीत फळ.’ आपल्या लेखणीवर मी खूश होतो. निघताना टिप्याला घुंगरू बांधलं, बाईंच्या पोह्यांसाठी. आणि बिचाऱ्याला दिवसभर हालता यावं म्हणून दोरी सैल ठेवली.

हे वाक्य मी नऊ-दहा वेळा लिहून खोडलं आहे. बिचाऱ्याला हालता यावं म्हणून!

सोमवारी सकाळी आलो तर दोरी होती, टिप्या नव्हता. दवाखान्यात रजा टाकून मी फेरीची वाट धरली. आयुष्यात पहिल्यांदा स्वतःहून. आठव्या थांब्याला लखमा भेटला.

“डाक्टर, काल तुम्ही कुठं व्हता?”

“का?”

“कुतरा एकलाच आला ना तुमचा. मी वाटेतल्या तळ्यापासून बघतोय. वखारीवर आला, बसला. मग उठला, दगडावर आला, बसला. वडाखाली बसला. इथं वाघोबापुढं पण बसला. जरा वेळानं मागं बघायचा, कोण येतंय का. मग पुढं गेला.”

“पुढं म्हणजे?”

“खाली, आंब्याच्या वळणाला. तिकडनं मला नाय दिसत.” मग हळूच म्हणाला, “दोन दिस झाले, बिबट्या हाय तिकडं.”

मी आंब्याच्या वळणापर्यंत गेलो. पाचोळा होता. हाका मारल्या. त्या आठवड्यात रोज गेलो. काही मिळालं नाही, का मी नीट पाहिलंच नाही, सांगता येत नाही. काही सापडू नये असंच वाटत होतं. लखमाला म्हणालो, “दादा, साहेबांना यातलं काही सांगू नका.”

“मला कोण इचारतो?” लखमा म्हणाला.

तिसऱ्या रविवारची नोंद करायची होती. कुत्रा नव्हता. मी तळहाताची गादी आणि चार बोटांची टोकं शाईत बुडवली आणि ठसा उमटवला. चांगला उमटला. चार बोटं. माझ्या हाताला तेवढी सहज येतात. दुसरं काही डोक्यातच आलं नाही.

नवा कुत्रा वेवजीचा. गुजरातच्या सीमेला लागून तिथं एका गुजराती म्हातारीचं, बाचं, घर होतं, त्यांचा कुत्रा खरजेसाठी दवाखान्यात यायचा. तसाच तपकिरी, छातीवर तसाच डाग. मी गेलो, हात जोडले. बा म्हणाली, “लई जा, भाई. मारे घेर बीजा चार छे.” तिच्या घरी आणखी चार होते. मी त्याला मोटरसायकलवर पुढ्यात बसवून आणला. घुंगरू मात्र नव्हतं. ते टिप्याबरोबर गेलं होतं.

शनिवारी साहेब आले. डोळ्यांवर काळा चष्मा. कुत्रा त्यांच्यावर जोरात भुंकला.

“ओळखलं नाही यानं.”

“चष्म्यामुळे, साहेब.”

त्यांनी चष्मा काढला. कुत्रा गुरगुरला.

“चष्म्यामुळे नाही.”

“मग दवाखान्याचा वास येत असेल तुम्हाला.”

ते खाली वाकले. “उंच झालाय. दोन बोटं तरी.”

“मी बोंबील घालत होतो. चिंचणीहून आणलेले.”

“बोंबलानं उंची वाढते?”

“आमच्याकडे म्हणतात तसं.”

नंतर नोंदवहीच्या शेऱ्यात मी वाचलं : ‘बोंबलाने कुत्र्याची उंची वाढते अशी चिंचणीकडे समजूत (ऐकीव).’

“टिप्या, बस,” साहेब म्हणाले. तो बसेना. माझ्या तोंडून पटकन निघून गेलं, “बेस.” तो बसला.

साहेब माझ्याकडे वळले. “गुजराती शिकला?”

“पलीकडे एक गुजराती कुटुंब आलंय पाहुणं. त्यांनी लळा लावला.”

“तीन आठवड्यांत,” साहेब म्हणाले. “मी सीमेवर चौदा वर्षं काढली, मला अजून धड येत नाही. हुशार आहे.”

दुसऱ्या दिवशी फेरी. फाटकाबाहेर पडताच कुत्र्यानं उलटी दिशा धरली, वेवजीच्या अंगाला. साहेबांनी ओढलं नाही. “पंच म्हणतो उलटं जाऊ. जाऊ या,” म्हणाले. त्या दिवसापासून आम्ही फेरी उलटी करू लागलो. अकरावा थांबा आधी, पहिला शेवटी. हद्दीच्या दगडाला मी इंग्रजांकडे गेलो आणि ते राजाकडे. घरी आल्यावर पॅड उघडला. डावा पाय. एक मोठा ठिपका, वर चार लहान.

टिप्याचं बोट! रोज जनावरांचे पाय धुणारा मी, आणि मला त्या तीन आठवड्यांत ते एकदाही आठवलं नव्हतं. साहेबांनी वही डोळ्याजवळ नेली. लांब धरली. पुन्हा जवळ आणली.

“डोळ्याला अजून थोडं जास्तीचं दिसतंय,” म्हणाले आणि वही मिटली.

वाचलो, असं मला वाटलं. मोतीबिंदूवाल्या डॉक्टरांचे मी मनातल्या मनात आभार मानले.

सोमवारी ओटीवरच्या फळ्यावर नोटीस लागली. साहेब कशाचीही नोटीस लावत. माठाची जागा बदलायची तरी लावत. ही अशी होती : ‘फेरीच्या नोंदीत फेरफार करण्याचे योजिले आहे. कोणाची हरकत असल्यास पंधरा दिवसांत समक्ष सांगावी.’ दिशा उलटी झाली त्याबद्दल असणार, असं मी धरलं. पंधरा दिवस रोज संध्याकाळी दवाखान्यातून आलो की साहेब ओटीवर बसलेले असत. दोन कप चहा. एरवी ते चहा करत नसत.

“काही हरकत, व्रणोपचारक?”

“नाही, साहेब.”

“बघा हं.”

चौदाव्या संध्याकाळी माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. त्यांनी कप पुढे केला. कुत्रा त्यांच्या पायाशी झोपला होता. एव्हाना त्यांचा झाला होता. काही हरकत, त्यांनी विचारलं. मी म्हणालो, “साखर कमी आहे.”

ते उठले, आत गेले, साखर घेऊन आले. पंधराव्या दिवशी नोटीस काढली.

पुढची तीन वर्षं तशीच गेली. फक्त दोन गोष्टी बदलल्या. एक म्हणजे धनेश. अकरा वर्षांत साहेबांना त्या वडावर धनेश दिसला नव्हता आणि मी दुसऱ्याच एकट्या फेरीत जोडी पाहिली होती. त्यामुळे सातव्या थांब्याला आम्ही दर रविवारी पंधरा मिनिटं वर बघत उभे राहायचो. “नेमकी कुठली फांदी?” ते विचारत. मी एक फांदी दाखवली होती. पुढच्या वेळी दुसरी दाखवली. त्यांनी दोन्ही लिहून घेतल्या. मान आखडून मी दवाखान्यातलं बैलांचं तेल चोळायला लागलो. आकाशातून काही आलं नाही. ‘धनेश न आढळला.’ दर रविवारी. त्यांनी कधी ‘खोटं’ म्हटलं नाही, मी कधी ‘चुकलो’ म्हटलं नाही. आम्ही दोघं आपले वर बघत उभे.

दुसरी गोष्ट, बारावा थांबा. फेरी उलटी झाल्यावर महिनाभरानं, आंब्याच्या वळणाखाली साहेब एका ठिकाणी वाटेवरून खाली उतरले, वाकले, परत आले. पुढच्या रविवारपासून तिथं थांबू लागले.

“हा कशाचा थांबा, साहेब?”

“थांबण्याचा.”

नोंदवहीत लिहिलं, ‘थांबा क्र. १२ : निरीक्षण राखीव.’ वयोमानानं त्यांना लघवीला लागत असेल, असं मी स्वतःला समजावलं. पण ते तिथं नुसते उभे राहत. चप्पल काढून.

दोन हजार एकोणीसमध्ये त्यांचे गुडघे गेले. मुलगी कायमचं न्यायला आली. घर माझ्या ताब्यात द्यायचं ठरलं, म्हणजे मी तिथंच राहायचं, फेरी चालू ठेवायची. कलम सहा कायम. गाडी दारात उभी, मुलगी सामान लावतेय, आणि साहेबांनी चार्ज द्यायची यादी काढली. आमच्याकडे बदलीच्या वेळी खुर्चीपासून टाचणीपर्यंत यादी करून ताबा देतात, घेणारा सही करतो. तशी.

“वाचून सही करा,” म्हणाले.

मी वाचू लागलो. नोंदवह्या, चौदा. काठी, एक. शाईचा पॅड, एक. शून्याचा दगड, जागेवर. धनेश, जोडी : प्रलंबित. इथवर हसू आलं. पुढची ओळ : कुत्रा (दुसरा), एक.

त्याच्याखाली : घुंगरू, पितळी, एक. थांबा क्र. १२ येथे समक्ष मिळाले.

त्यांनी सदऱ्याच्या खिशातून कागदाची पुडी काढून टेबलावर ठेवली. लाल दोरीचा तुकडाही होता, कुरतडलेला.

साहेब म्हणाले, “वहीत पण बघून घ्या,” आणि एक पान उघडून पुढ्यात सरकवलं. डाव्या पानावर दोनशेच्या वर ठशांमधला शेवटचा तीन बोटांचा ठसा. त्याखाली माझ्या हाताचा. त्याखाली वेवजीचा. उजव्या पानावर त्यांच्या मोजणीतल्या सुबक अक्षरात : ‘फेरफार. पंच क्र. २ बेपत्ता. त्याचे जागी दुसरा दाखल. हरकतीसाठी पंधरा दिवस दिले. एकच हरकत प्राप्त : चहात साखर कमी. दूर करण्यात आली. नोंद मंजूर.’

“साहेब,” मी म्हणालो, “त्या दिवशी मी...”

“हरकतीची मुदत संपली, व्रणोपचारक.” ते रागानं बोलले नाहीत. नियम सांगितला.

“मुदत तीन वर्षांपूर्वी संपली हो, पण...”

“सही करा. गाडी खोळंबलीय.”

मी सही केली. यादीतली शेवटची ओळ सही करताना दिसली : लाल पेन, एक. न वापरलेले.

गाडी गेल्यावर मी लखमाकडे गेलो. “साहेबांना तुम्ही सांगितलं?”

“त्यानं कधी इचारलंच नाय,” लखमा म्हणाला. “एकदा म्हणलो, साहेब, कुतऱ्याचं सांगू का? तर म्हणला, नको. ज्यानं सांगायचं तो सांगल.”

नाशिकहून ते दर रविवारी दहाला फोन करू लागले. एकच प्रश्न.

“मिटली का?”

“मिटली.”

“धनेश?”

“नाही.”

“ठेवतो.”

असे सहा-सात रविवार गेले. त्या लाल पेनाचं टोपण मी उघडलं नव्हतं. मग एका रविवारी फेरीहून आलो, पाय धुतले आणि सोळा सालची वही काढली. तीन नोंदी. एकेका ओळीवर आडवी रेघ मारली, खालचं वाचता येईल अशी. वर लिहिलं : ‘स्थळपाहणी केली नाही. मी घरी होतो.’ दुसरीवर : ‘मी चिंचणीस होतो. पंच क्र. २ एकटा गेला. घुंगरू मी बांधले होते.’ धनेशांच्या ओळीवर : ‘आढळले नाहीत. रचले.’ तिसरीवर : ‘हा ठसा माझा आहे.’ खाली सही. हुद्दा पूर्ण लिहिला.

लिहून झालं तेव्हा दहा वाजले होते. फोन वाजला.

“मिटली का?”

“नाही, साहेब.” “तीन रविवार उघडे आहेत. सोळा सालचे. लाल शाईत लिहिलंय.”

पलीकडे मुलीच्या घरात मिक्सर चालू होता. तो थांबला.

“मुदत संपलीय हे माहीत आहे ना?”

“आहे.”

“मग निघा,” साहेब म्हणाले. “तीन फेऱ्या. सुलट दिशेनं, टिप्या जायचा तशा. आजची धरायची नाही.”

“आत्ता?”

“मग कधी? आणि घुंगरू बांधा त्याला. तीन वर्षं बिनआवाजाचा फिरतोय.”

पहिल्या फेरीला शून्याच्या दगडावर डावा पाय ठेवला तेव्हा साडेदहा झाले होते. उन्हं वर आली होती. कुत्र्यानं सवयीनं उलटी दिशा धरली. मी म्हणालो, “चाल, आ बाजू.” त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि मुकाट सुलट वळला. शेजारच्या बाई घुंगरू ऐकून बाहेर आल्या.

“अहो, आज किती उशीर! पोहे संपले की.”

“असू द्या, बाई,” मी म्हणालो. “अजून दोनदा जायचंय.”